बंदुकीच्या दारूचा कट (इ. स. १६०५) आणि ‘राजपुस्तका’चें प्रामाण्य

कोणताही मोठा घातपात घडला म्हणजे त्याच्या पाठोपाठ दोन प्रकारचें वाङ्मय निर्माण होतें. एक सरकारच्या वृत्तांताचें, दुसरें त्या वृत्तांतावरील शंकांचें. अमेरिकेंत ११ सप्टेंबर २००१ रोजीं झालेल्या घातपातासंबंधीं तेथील चौकशी-आयोगाचा अहवाल २००४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यावर शंका घेणारीं पुस्तकेंही निघालीं. सरकारी वृत्तांत मानणारे शंका घेणारांस भ्रमिष्ट म्हणतात. शंका घेणारे दुसऱ्यांस भाट म्हणतात. ह्या गदारोळांत, जुने कागद चाळणारांच्या दृष्टीनें जो मुख्य प्रश्न, तो बाजूस पडतो. शंका कशावर घ्यावी, कोठपर्यंत न्यावी, व कोठें थांबवावी?

ताज्या प्रकरणांत ह्याचा निर्णय करणें कठीण. कागदपत्रें पुरतीं उघडलेलीं नसतात आणि जखमा ओल्या असतात. म्हणून चारशें वर्षांपूर्वींचें एक परकीय प्रकरण परीक्षणास घेतों. त्यांतील वादी-प्रतिवादी केव्हांच कालवश झाले आहेत, कागद बहुतांशीं जागच्या जागीं आहेत, आणि दोन्ही पक्षांचे वकील विद्वान् होते. इंग्लंडांतील बंदुकीच्या दारूचा कट हें तें प्रकरण. परीक्षणाचे ग्रंथ दोन, दोन्ही १८९७ सालीं लंडनास छापलेले. पहिला जेझुइट पंथाचे विद्वान् फादर जॉन जेरार्ड यांचा; त्याच्या नांवाचा अर्थ ‘बंदुकीच्या दारूचा कट काय होता?’ असा. दुसरा सॅम्युएल रॉसन गार्डिनर या इतिहासकाराचा. त्याचें नांव उत्तरादाखल ‘बंदुकीच्या दारूचा कट असा होता’. दोन्ही ग्रंथ ज्या मूळ पुस्तकाभोंवतीं फिरतात तें ‘राजपुस्तक’ प्रथम सांगितलें पाहिजे.

(१)

५ नोव्हेंबर १६०५ रोजीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स पार्लमेंट उघडणार होता. (तारखा त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाच्या आहेत.) त्याच्या आदल्या मध्यरात्रीं उमरावांच्या सभागृहाखालील तळघरांत बंदुकीच्या दारूचीं ३६ पिंपें जळाऊ लांकडांखालीं दडविलेलीं सांपडलीं. तेथें जो इसम धरला गेला त्यानें आपलें नांव जॉन जॉन्सन व आपण टॉमस पर्सी यांचे नोकर असें सांगितलें. त्याचें खरें नांव गाय फॉक्स. कट करणारे सर्व मिळून तेरा. त्यांचा म्होरक्या रॉबर्ट केट्सबी. सर्वजण कॅथलिक, बहुतेक चांगल्या घराण्यांतले, आणि त्या धर्माच्या लोकांवर बसविलेल्या दंडांनीं व निर्बंधांनीं गांजलेले. ८ नोव्हेंबरला स्टॅफर्डशायरमधील होलबीच येथील घरास शेरीफच्या लोकांनीं वेढा घातला; त्यांत केट्सबी व पर्सी गोळी लागून पडले. जे जिवंत सांपडले त्यांपैकीं आठांची चौकशी २७ जानेवारी १६०६ रोजीं होऊन त्या महिन्याच्या ३० व ३१ तारखांस त्यांस देहान्त शासन झालें. पुढें इंग्लंडांतील जेझुइटांचा प्रमुख फादर हेन्री गार्नेट यास ३ मे रोजीं फांशीं दिलें.

इतकें घडत असतां सरकारनें वृत्तांत छापण्यास विलंब लाविला नाहीं. राजाच्या मुद्रकानें राजाचें पार्लमेंटांतील भाषण, कट उघडकीस कसा आला याची हकीकत, व फॉक्स आणि टॉमस विंटर ह्या दोघांचे कबुलीजबाब असें पुस्तक काढिलें. त्यासच पुढें ‘राजपुस्तक’ हें नांव पडलें. इंग्लंडांतल्या शाळांतून, देवळांतून व दरसालच्या ५ नोव्हेंबरच्या होळींतून जी कथा चालत आली ती मुख्यतः ह्याच पुस्तकांतली. त्या दिवशींची आभारप्रार्थना कायद्यानें बांधून दिलेली होती, व तो कायदा १८५९ पर्यंत रद्द झाला नाहीं. एखाद्या सरकारी हकीकतीस अडीचशें वर्षें धर्मविधीचें संरक्षण मिळाल्याचें दुसरें उदाहरण चटकन् आठवत नाहीं.

(२)

फादर जेरार्ड यांचें सामर्थ्य असें कीं, त्यांनीं राजपुस्तकास राजपुस्तक म्हणून न वाचतां एक पोथी म्हणून वाचलें. प्रत्येक वाक्यास त्यांनीं एकच प्रश्न विचारिला: ह्यास मूळ काय? त्यांच्या आक्षेपांपैकीं मुख्य चार येथें घेतों.

पहिला आक्षेप पत्राचा. २६ ऑक्टोबरच्या सायंकाळीं लॉर्ड मॉण्टीगल जेवावयास बसणार, इतक्यांत एक अनोळखी इसम नोकराच्या हातीं पत्र देऊन निघून गेला. पत्रावर ना सही, ना तारीख. पार्लमेंटास जाऊं नये, मोठा आघात होणार आहे, असा त्याचा गर्भितार्थ. मॉण्टीगलनें तें त्याच रात्रीं मुख्य मंत्री अर्ल ऑफ सॅलिस्बरी यास नेऊन दिलें. राजपुस्तक म्हणतें कीं, त्या गूढ शब्दांचा अर्थ कोणास उमगला नाहीं; राजानें तो आपल्या अलौकिक बुद्धीनें उकलला. परंतु खुद्द सॅलिस्बरीनें ९ नोव्हेंबरला स्पेनमधील इंग्रज वकील कॉर्नवॉलिस यास जें पत्र लिहिलें त्यांत, राजास पत्र दाखविण्यापूर्वींच आपण व लॉर्ड चेंबरलेन यांनीं दारूचाच तर्क केला होता, असें स्पष्ट आहे. म्हणजे दोन सरकारी कागद एकमेकांशीं भांडतात. त्यांतील खासगी कागद आधीं लिहिलेला. छापील कागद मागाहूनचा, व त्यांत राजाची स्तुति वाढलेली. कोणता विश्वसनीय हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. बखरींतील चमत्कार आणि समकालीन पत्रांतील साधी नोंद यांची गांठ पडली म्हणजे कोणाचा पाडाव होतो हें राजवाड्यांनीं आपणांस कधींच शिकविलें आहे.

दुसरा आक्षेप दिरंगाईचा. पत्र हातीं आलें २६ ऑक्टोबरला. तळघराची पहिली पाहणी झाली ४ नोव्हेंबरच्या दुपारीं. मधले नऊ दिवस दारूवर कोणी हात घातला नाहीं. ज्या मंत्र्यास दारूचा तर्क आलेला आहे तो नऊ दिवस स्वस्थ बसतो, तेव्हां त्याला अधिक कांहीं ठाऊक होतें असें अनुमान निघतें.

तिसरा आक्षेप भुयाराचा. राजपुस्तकांतील कबुलीजबाबांप्रमाणें कटवाल्यांनीं प्रथम शेजारच्या घरांतून सभागृहाखालीं भुयार खणण्यास आरंभ केला, जाड भिंतीशीं झगडले, व मग सुदैवानें तळघरच भाड्यानें मिळाल्यावर तें काम सोडून दिलें. हें भुयार कोणीं पाहिलें? सरकारनें त्याचा एकही पुरावा न्यायसभेपुढें ठेविला नाहीं. फॉक्सच्या पहिल्या जबान्यांत त्याचा उल्लेख नाहीं. तो मागाहूनच्या जबानींत येतो. खणलेली माती राजवाड्याच्या दाट वस्तींत कोठें टाकली, खणतीचा आवाज कोणास कसा ऐकूं आला नाहीं, याचीं उत्तरें नाहींत. ती इमारतच १८२३ सालीं पाडण्यांत आल्यामुळें आतां जागेवर जाऊन पाहण्याची सोय राहिली नाहीं.

चौथा आक्षेप आपल्या धंद्याचा, म्हणून तो जरा सावकाश पाहूं.

(३)

टॉमस विंटरचा कबुलीजबाब हा सर्व वृत्तांताचा कणा. कटाच्या पहिल्या बैठकीपासून शेवटच्या वेढ्यापर्यंत सलग हकीकत सांगणारा असा दुसरा कागद नाहीं. त्याचे दोन लेख उपलब्ध आहेत. एक हॅटफील्ड येथें, म्हणजे सॅलिस्बरीच्या वंशजांच्याच दफ्तरांत. हा विंटरच्या हातचा अस्सल म्हणून समजला जातो. दुसरा सरकारी दफ्तरांतील नक्कल. ती सॅलिस्बरीच्या चिटणिसाच्या हातची आहे. दोहोंच्या तारखांत दोन दिवसांचा फरक आहे. एकीकडे २३ नोव्हेंबर, तर दुसरीकडे २५. आणखी असें कीं, होलबीचच्या वेढ्यांत विंटरच्या खांद्यास गोळी लागून उजवा हात निकामी झाला होता. हॅटफील्डच्या लेखाचें अक्षर मात्र ठाम आहे. सर्वांत मोठी गोष्ट सहीची. हा गृहस्थ आपलें आडनांव इंग्रजींत सात अक्षरांनीं, ‘विंटूर’ असें वाचतां येईल अशा रीतीनें लिहीत असे. ह्या एकाच कागदावर तें सहा अक्षरांनीं, ‘विंटर’ असें आलें आहे. सरकारी कारकून त्याचें नांव ह्याच दुसऱ्या रीतीनें लिहीत.

जेरार्ड यांस हा कागद बनावट वाटला, आणि पहिल्या वाचनांत वाचकासही तसेंच वाटेल. मलाही वाटलें होतें. परंतु आतां उलट बाजूचा कागद पाहावा. लंडनच्या किल्ल्याचा अंमलदार सर विल्यम वाड यानें २१ नोव्हेंबरला सॅलिस्बरीस कळविलें आहे कीं, विंटरच्या हाताला आतां बळ आलें असून जें तो तोंडीं बोलला तें जेवणानंतर लिहावयास बसणार आहे. ही चिठ्ठी प्रसिद्धीसाठीं लिहिलेली नाहीं. दोन अधिकाऱ्यांमधील रोजचें कामकाज आहे. कागद बनावट करावयाचा होता तर ही चिठ्ठी कोणास फसविण्यासाठीं लिहिली? सहीचेंही तसेंच. जो मनुष्य पानेंच्या पानें दुसऱ्याच्या अक्षरांत उतरवूं शकतो, तो शेवटचीं सहा-सात अक्षरें समोर अस्सल सही असतां चुकवील, हें संभवनीय नाहीं. खोटा कागद करणारा मजकुरांत चुकतो. सहीत तो विशेष जपतो.

एवढ्यावरून कागद निःसंशय अस्सल ठरला असें मी म्हणत नाहीं. दुखऱ्या हातानें, कैदेंत, समोर अधिकारी बसलेला असतां मनुष्य आपलें नांव समोरच्याच्या रीतीनें लिहूनही जाईल. किंवा एखाद्या मसुद्यावरून त्याजकडून तें लिहवून घेतलें असेल. पण ‘सही वेगळी’ ह्या एका खुणेवर जेवढें ओझें जेरार्ड यांनीं टाकिलें तेवढें ती पेलत नाहीं. एक शीत चांचपून भाताची परीक्षा होते, ती सर्व शितें एका आधणांत शिजलेलीं असतात म्हणून. दफ्तरांतील कागद तसे एका आधणांतले नसतात.

(४)

गार्डिनर यांचें सामर्थ्य दुसऱ्या जातीचें. त्यांनीं छापील पुस्तक मिटून ठेविलें व जबान्या ज्या क्रमानें झाल्या त्या क्रमानें वाचल्या. ५ नोव्हेंबरला, छळ सुरू होण्यापूर्वीं, फॉक्सनें राजास व पार्लमेंटास उडविण्याचा आपला हेतु कबूल केला. मात्र सोबत्यांचीं नांवें दिलीं नाहींत. त्या दिवशींच्या सरकारी जाहिरनाम्यांत एकट्या पर्सीस धरण्याचा हुकूम आहे. केट्सबी वगैरेंचीं नांवें दोन दिवसांनीं जाहिरनाम्यांत येतात, तींही ते मिडलंड प्रांतांत शस्त्रें घेऊन फिरूं लागल्यामुळें. छळाचा अधिकार राजानें ६ तारखेस स्वहस्ताक्षरानें दिला. त्यानंतर ९ तारखेच्या जबानीखालीं फॉक्सची ‘गुइडो’ अशी जी थरथरती, अर्धवट सही आहे, ती पाहून कोणाचेंही मन द्रवेल. पण इतिहासकारानें तेथेंही डोळे उघडे ठेविले पाहिजेत. ज्या सरकारास नांवें मिळविण्यासाठीं मनुष्याचे हातपाय ताणावे लागतात, त्या सरकारानें ती कथा घरीं बसून रचली असेल काय? कथा रचणारास पात्रांचीं नांवें आधींच ठाऊक असतात. सरकारचें हें पायरीपायरीनें चांचपडणें हाच कट खरा असल्याचा गार्डिनर यांचा मोठा पुरावा, आणि माझ्या मतें तो अभेद्य आहे.

त्यास मी आणखी तीन पुरावे जोडतों. तीनही सरकारच्या हाताबाहेरचे.

एक, सर एव्हरार्ड डिग्बीचीं पत्रें. कटांतील ह्या तरुण सरदारानें किल्ल्यांतून चोरून घरच्यांस जे कागद पाठविले ते त्याच्या घराण्याच्या कागदांत दडून राहिले व १६७५ सालीं सांपडून १६७९ सालीं छापले गेले. त्यांत तो कट नाकारीत नाहीं. उलट आपल्याच धर्माच्या लोकांनीं ह्या कृत्यास महापातक ठरविलें याचें त्यास दुःख झालें आहे. मरणाच्या दारीं उभा असलेला मनुष्य गुप्तपणें घरीं लिहितांना सरकारची खोटी कथा कशाला गिरवील?

दोन, जेझुइटांचेच वृत्तांत. त्या वेळचा फादर जॉन जेरार्ड (आपल्या ग्रंथकाराचा केवळ नामधारी) व फादर ऑस्वल्ड टेसिमंड ह्या दोघांवर सरकारनें पकडण्याचा जाहिरनामा काढिला होता. दोघेही निसटून परदेशीं गेले आणि दोघांनींही कटाची हकीकत लिहिली. सॅलिस्बरीवर राग धरण्यास त्यांच्याहून अधिक कारण कोणास असेल? तरी कट केट्सबीचा होता व खरा होता हें दोघेही धरून चालतात. भांडण आहे तें जेझुइटांच्या अपराधाविषयीं. प्रतिपक्षानें आपण होऊन दिलेल्या कबुलीसारखें बलवत्तर प्रमाण नाहीं.

तीन, जमाखर्चाची एक ओळ. दारू मुळीं होतीच कशावरून, असेंही पुढें कोणी कोणी विचारीत. विसाव्या शतकांत लंडनच्या शस्त्रागाराच्या हिशेबांत ७ नोव्हेंबर १६०५ च्या सुमारास संसदेच्या इमारतीखालून आणलेली अठरा हंड्रेडवेट दारू कोठारांत जमा केल्याची नोंद उजेडांत आली. आणि ती दारू खराब झालेली असा शेराही आहे. कथा रंगविणारा कोणीही ‘दारू खराब होती’ असें लिहिणार नाहीं. तें काम फक्त कोठारावरच्या कारकुनाचें, कारण उद्यां तूट आली तर त्याच्या अंगावर येते. ह्या शेऱ्यावरून जेरार्ड यांचा ग्रंथ जितका ढांसळतो तितका गार्डिनर यांच्या सर्व युक्तिवादानेंही ढांसळला नाहीं, असें मला वाटतें.

होलबीचच्या गोळीचेंही थोडक्यांत सांगतों. केट्सबी व पर्सी यांस तोंड बंद करण्यासाठीं मुद्दाम मारलें, व मारणारास रोज दोन शिलिंगांची तैनात दिली, असा आक्षेप आहे. तैनात खरी आहे. पण तोंडेंच बंद करावयाचीं होतीं तर त्याच वेढ्यांतून टॉमस विंटर, रूकवुड व ग्रँट यांस जिवंत आणून महिनेच्या महिने बोलतें कशाला केलें?

(५)

मग गार्डिनर यांचा जय व जेरार्ड यांचा पराजय म्हणून परीक्षण येथें संपवावें काय? तसें केल्यास दोघांवरही अन्याय होईल. माझ्या मतें दोघांच्याही हातून एक घोटाळा झाला आहे. त्यांनीं तीन निराळे प्रश्न एका गांठोड्यांत बांधले. पहिला, कट होता काय? दुसरा, सरकारास तो आधींपासून किती ठाऊक होता? तिसरा, त्याचें पाप ज्यांच्या माथीं मारलें ते खरोखर दोषी होते काय? गांठोडें एक झाल्यामुळें जेरार्ड यांस तिसऱ्या प्रश्नासाठीं पहिल्यावर लढावें लागलें, आणि गार्डिनर पहिला जिंकतांच उरलेले दोन्ही जिंकल्यासारखे बोलूं लागले.

पहिल्याचें उत्तर ‘होता’ असें निश्चित आहे. दुसऱ्याचा निर्णय होण्यासारखा पुरावा नाहीं. नऊ दिवसांची दिरंगाई मंत्र्याच्या धूर्तपणानेंही उलगडते; शत्रूस पुरता जाळ्यांत येऊं द्यावा ही जुनी राजनीति आहे. मॉण्टीगलचें पत्र आज क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत आहे. तें त्याचा मेव्हणा ट्रेशम यानें लिहिलें, मॉण्टीगलनें स्वतःच लिहिलें, कीं मंत्र्यानें लिहविलें, याविषयीं जितकीं डोकीं तितकीं मतें आहेत. आणि ज्याच्याकडून उलगडा झाला असता तो ट्रेशम डिसेंबरांतच किल्ल्यांत आजारानें मेला.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र एक कागद असा आहे कीं, त्यापुढें विंटरची सही फिकी पडते. फॉक्सची ९ नोव्हेंबरची जबानी तीच. तींत तो म्हणतो कीं, शपथ घेतल्यावर कटवाल्यांनीं फादर जेरार्डच्या हातून प्रसाद घेतला. आणि लगेच पुढच्या वाक्यांत, जेरार्ड यास आपला हेतु ठाऊक नव्हता. आतां ह्या जबानीवर सरकारी वकील सर एडवर्ड कोक याची खूण पाहावी. प्रसाद घेतल्याच्या वाक्यानंतर, ‘ठाऊक नव्हता’ ह्या वाक्याच्या आधीं, त्यानें रेघ ओढून ‘हुकुस्के’ हा लॅटिन शब्द लिहिला आहे. त्याचा अर्थ ‘येथपर्यंत’. न्यायसभेंत येथपर्यंत वाचावें. पुढचें वाचूं नये. जार्डिन नांवाच्या गेल्या शतकाच्या आधींच्या इंग्रज विधिज्ञानें ही खूण जगाच्या नजरेस आणली, आणि तो कांहीं कॅथलिकांचा कैवारी नव्हता.

कोकनें कागद खोटा केला नाहीं. एक अक्षर बदललें नाहीं, सही उठविली नाहीं, तारीख खोडली नाहीं. तो केवळ थांबला. जें वाचलें गेलें तें अक्षरशः खरें होतें, आणि त्या खऱ्याच्या जोरावर तिघा जेझुइटांस कटाचे मूळ प्रेरक म्हणून आरोपपत्रांत गोवण्यांत आलें. जेरार्ड वेषांतर करून ३ मे १६०६ रोजीं, म्हणजे गार्नेट ज्या दिवशीं फांशीं गेला त्याच दिवशीं, इंग्लंडाबाहेर निसटला. गार्नेटचें प्रकरण इतकें सोपें नाहीं. टेसिमंडकडून पापनिवेदनाच्या मुद्रेखालीं त्यास कट कळला होता व तो बोलला नाहीं, हें त्यानें स्वतः मान्य केलें. ऐकून गप्प राहणें आणि उभारणी करणें ह्यांत पुष्कळ अंतर आहे. तें अंतर सरकारी वृत्तांतानें पुसून टाकिलें.

आणि हें दोघां-तिघां धर्मगुरूंचें गाऱ्हाणें नव्हे. तेरा मनुष्यांचा कट हा संपूर्ण धर्माचा कट ठरल्यावर १६०६ सालीं कॅथलिकांवर निष्ठेची शपथ लादली गेली, वकिली-वैद्यकीसारखे व्यवसाय त्यांस बंद झाले, आणि त्यांजवरील मोठे राजकीय निर्बंध उठावयास १८२९ साल उजाडावें लागलें. सव्वादोनशें वर्षांच्या त्या भाराच्या मुळाशीं काय आहे हें शोधूं गेल्यास बनावट भुयार किंवा बनावट सही निश्चयानें दाखवितां येत नाहीं; ‘येथपर्यंत’ ही खूण दाखवितां येते.

महाभारताच्या पोथ्या लावणारांस ही गोष्ट परिचयाची आहे. एका अध्यायांत प्रक्षिप्त श्लोक सांपडले म्हणून भारती युद्धाची कथाच कोणी नंतर घातली असें कोणी म्हणत नाहीं; आणि कथा जुनी आहे म्हणून प्रक्षेपास मूळ ठरवीत नाहीं. ज्या श्लोकावर शंका, त्याच श्लोकावर खूण करावयाची. जेरार्ड यांनीं एका प्रक्षेपावरून ग्रंथ फेंकला. गार्डिनर यांनीं ग्रंथ वांचविला तेव्हां प्रक्षेपही पदरांत घेतला. उत्तरकालीन लेखकांत फ्रान्सिस एडवर्ड्स १९६९ सालीं जेरार्ड यांच्या वाटेनें गेले, आणि मार्क निकल्स यांनीं १९९१ सालीं तपासाचे कागद पुन्हां लावून कट खरा ठरविला. परंतु शंकेची ही वांटणी ज्या ठळकपणें केली पाहिजे ती वाचकास अजूनही स्वतःच करावी लागते.

(६)

आतां हें परीक्षण लिहिण्याचें कारण सांगतों. तें माझ्या पदरचें आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका देशमुखी घराण्यांतील वृद्ध गृहस्थांनीं मला एक इनामपत्र पाहावयास दिलें. मी तेव्हां शाळेंत शिकवीत असे. जेरार्ड यांचा ग्रंथ नुकताच वाचला होता, व शंका घेणें म्हणजेच विद्वत्ता असें वाटण्याचें वय होतें. पत्राच्या शेवटीं नांव एका वेगळ्या रीतीनें लिहिलेलें दिसलें. मीं एक टिपण लिहून तें पत्र बनावट ठरविलें. मोहोर ठाकठीक आहे, तिथि व वार जुळतात, आणि कागद त्या काळचा आहे, हें मला दिसलें होतें. तें मीं टिपणांत घातलें नाहीं. लिहिलें तें सर्व खरें होतें. मी फक्त ‘येथपर्यंत’ लिहिलें.

कांहीं वर्षांनीं दुसऱ्या एका रुमालांत त्याच चिटणिसाच्या हातचा एक निर्विवाद कागद सांपडला. त्यांत तें नांव त्याच वेगळ्या रीतीनें होतें. मी त्या गृहस्थांकडे गेलों. ते रागावले नाहींत. म्हणाले, “मास्तर, तुम्हीं खोटें ठरविल्यावर मुलांनीं तीं दफ्तरें माळ्यावर टाकलीं. खोट्या कागदांस कोण जपतो?” माळ्यावर वाळवी लागली होती. त्या एका पत्राबरोबर, जें कधीं कोणीं वाचलेंच नव्हतें असें सबंध दफ्तर गेलें. त्यांत काय होतें हें आतां कोणास कळणार नाहीं.

सरकारी वृत्तांतावर शंका घेणें हें इतिहासाभ्यासकाचें कर्तव्यच आहे, आणि ज्या वृत्तांतामुळें निरपराधांस शिक्षा झाली असेल त्यावर तर अधिकच. परंतु कोक आणि मी ह्यांत अंतर एवढेंच कीं, तो राजाचा वकील होता व मी शंकेचा. खूण दोघांचीही एकच. म्हणून ज्यांच्या हातीं जुनीं दफ्तरें आहेत व ज्यांस नव्या प्रकरणांत मत द्यावयाचें आहे, त्यांस विनंती इतकीच: कोणीही, सरकारनें वा सरकारच्या निंदकानें, कागदाचा उतारा पुढें केला, तर तो खरा कीं खोटा हें विचारण्यापूर्वीं मूळ कागद मागवावा, आणि उतारा जेथें संपतो त्याच्या पुढचें वाक्य वाचावें.